न नेलेल्या पुस्तकांची यादी

"गेल्या पाच वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नाहीत अशी पुस्तके आपल्याकडे किती असतील?" २०१८ च्या जून महिन्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत कार्यवाहांनी हा प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता आणि त्यामागचे कारणही रास्त होते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका वाढवायची होती. जागा नव्हती. मागच्या खोलीतली कपाटे रिकामी झाल्याशिवाय ती मिळणारही नव्हती. "बाई, आता सगळे कॉम्प्युटरवर आहे ना? मग काढा यादी," असे म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला.

मी यादी काढली. कॉम्प्युटरने दोन सेकंदांत ती दिली. ती चुकीची होती आणि चूक माझी होती. ती कशी झाली, हेच आज सांगायचे आहे. कारण बँक असो, रेशन दुकान असो की इस्पितळ, आता सगळीकडेच कुणीतरी कॉम्प्युटरला प्रश्न विचारतो, यादी निघते आणि त्या यादीवर निर्णय होतात.

आमचे वाचनालय तालुक्याच्या गावातले, बावीस हजार पुस्तकांचे. तिथे 'कोहा' नावाची संगणक प्रणाली वापरतात. कोहा हा न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांचा शब्द. त्याचा अर्थ भेट. पण आपल्या आहेरासारखी, म्हणजे घेणाऱ्याने पुढे कधीतरी परतफेड करावी अशी. १९९९ साली तिथल्या होरोफेनुआ भागातल्या वाचनालयांपुढे प्रश्न उभा राहिला, की आपली जुनी प्रणाली २००० सालात चालणार नाही. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून नवी बनवून घेतली, २००० च्या जानेवारीत ती सुरू केली आणि नंतर सगळ्या जगाला मोफत देऊन टाकली. आज ती अनेक देशांत चालते. आपल्याकडे सरकारी ग्रंथालयांसाठी 'ई-ग्रंथालय' आहे, विद्यापीठांसाठी 'सोल' आहे. नावे वेगळी असली तरी आतली रचना थोडीफार सारखीच.

ही रचना कळायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. रेडिओवर तक्ता दाखवता येत नाही, म्हणून जुन्या वाचनालयातल्या तीन वह्या डोळ्यांसमोर आणा. पहिली दाखलनोंद वही: प्रत्येक प्रतीला एक क्रमांक, पुढे नाव, लेखक, किंमत, दाखल झाल्याची तारीख. दुसरी सभासदांची वही. तिसरी देवघेवीची: कोणत्या सभासदाने कोणत्या क्रमांकाची प्रत कधी नेली आणि कधी परत केली. तिसऱ्या वहीत पुस्तकाचे नाव किंवा वाचकाचा पत्ता पुन्हा लिहीत नाहीत, नुसते क्रमांक लिहितात. क्रमांक धरून बाकीच्या दोन वह्यांत पाहिले की सगळे कळते.

माहिती अशी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावी आणि क्रमांकांनी जोडावी, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. तो आयबीएममध्ये होता. त्याचे म्हणणे असे, की माणसाने आपल्याला काय हवे तेवढेच सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्राचे यंत्र पाहून घेईल. तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये त्यासाठी एक भाषा तयार केली. तिचे नाव 'सीक्वेल'. हे नाव आधीच दुसऱ्या कुणाच्या मालकीचे निघाले, म्हणून पुढे ते एस्क्यूएल झाले. भाषा सोपी आहे. 'सिलेक्ट' म्हणजे काय निवडायचे, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या वहीतून, 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. या तीन शब्दांवर निम्मे काम होते. शिवाय कोहाच्या अहवाल विभागात फक्त निवडण्याचेच प्रश्न चालतात; पुसण्याची किंवा बदलण्याची आज्ञा तिथे दिली तर ती नाकारली जाते. म्हणजे माझा प्रश्न चुकला तरी मूळ नोंदींना धक्का लागणार नव्हता. म्हणून मी निर्धास्त होते.

पहिल्या खेपेला मी विचारले: शेवटची देवघेव १ जून २०१३ च्या आधी झाली आहे अशा प्रती दे. उत्तर आले, शून्य. आमची देवघेव कॉम्प्युटरवर सुरू झाली तीच जून २०१३ मध्ये, त्यामुळे त्याआधीची तारीख कुठल्याही प्रतीवर नव्हती. आणि जी प्रत कधीच गेली नाही तिचा तारखेचा रकाना रिकामा होता. रिकामा रकाना म्हणजे 'फार जुनी तारीख' असे आपण मनाने धरतो. यंत्र तसे धरत नाही. त्याच्या लेखी रिकामी जागा म्हणजे 'माहीत नाही'. ती कशाच्या आधीही नसते आणि नंतरही नसते. पुष्कळ सरकारी याद्यांमध्ये माणसे गळतात ती याच भोकातून, असा माझा दाट संशय आहे.

दुसऱ्या खेपेला मी देवघेवीचीच वही उघडली. पण तिथे वेगळीच अडचण. देवघेवीच्या वहीत घडलेल्या गोष्टी असतात. न घडलेल्या कुठेच लिहिलेल्या नसतात. मग न गेलेले पुस्तक शोधायचे कसे? लग्नाला कोण आले नाही हे आहेराच्या वहीवरून कळत नाही. त्यासाठी आमंत्रणाची यादी घ्यावी लागते, तिच्या शेजारी आहेराची वही ठेवावी लागते आणि कोणत्या नावापुढे काहीच नाही ते पाहावे लागते. इथेही तसेच करायचे. दाखलनोंद वहीतल्या सगळ्या प्रती डावीकडे, त्यांच्यापुढे उजवीकडे देवघेवीची नोंद. आणि जिच्या उजवीकडे रिकामे, ती प्रत आपल्याला हवी. या भाषेत याला 'लेफ्ट जॉइन' म्हणतात. मी तसे केले आणि उत्तर आले, एकवीस हजारांहून अधिक! म्हणजे आमच्या गावात कुणी काही वाचतच नाही. उलगडा व्हायला अर्धा दिवस गेला. कोहामध्ये देवघेवीची वही एक नसून दोन आहेत. एकीत आत्ता बाहेर असलेली पुस्तके. पुस्तक परत आले की त्याची ओळ तिथून उचलून जुन्या देवघेवीच्या वहीत जाते. मी फक्त पहिलीच पाहिली होती.

तिसऱ्या खेपेला दोन्ही वह्या जोडल्या. संदर्भग्रंथ म्हणून खूण केलेली पुस्तके वगळली, हरवलेली वगळली. आकडा आला अठराशेच्या आसपास. बावीस हजारांत अठराशे. पटण्याजोगा आकडा. शून्य पाहून मी हसले होते, एकवीस हजार पाहून दचकले होते. अठराशे पाहून मी छपाईची आज्ञा दिली.

ती पाने घेऊन मी कार्यवाहांच्या घरी गेले. पुढे काय झाले ते सांगतेच, पण त्याआधी आणखी दोन-तीन अनुभव सांगायला हवेत, कारण यादी कोणत्या कोणत्या रीतीने फसवते ते त्यातून कळेल.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान वर्गानुसार मिळते. त्यासाठी दर वर्षी अहवाल द्यावा लागतो: सभासद किती, पुस्तके किती, देवघेव किती. आमच्या वार्षिक अहवालातली देवघेव काउंटरवरच्या रोजच्या बेरजेशी जुळेना. फरक थोडाच, साठ-सत्तर पुस्तकांचा. पण दर वर्षी कमीच भरायची, जास्त कधी नाही. मी '१ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत' असे विचारत होते. आता, पुस्तक गेल्याची नोंद नुसत्या तारखेची नसते, तास-मिनिटांसकट असते. आणि नुसते '३१ मार्च' लिहिले की यंत्र त्या दिवसाची पहिली घटका धरते, मध्यरात्रीचे बारा. म्हणजे ३१ तारखेला सकाळी वाचनालय उघडल्यापासूनची सगळी देवघेव बाहेर. '१ एप्रिलच्या आधी' असे विचारले असते तर ती आत आली असती. आपण माणसे 'पर्यंत' म्हणताना तो दिवस धरतो. किती वर्षे आमचा एक दिवस असा वाया गेला कुणास ठाऊक.

दुसरी गोष्ट २०१९ ची. पुलंची जन्मशताब्दी होती. दर्शनी भागात एक फलक लावायचा होता: आमच्या वाचनालयात सर्वाधिक वाचले जाणारे लेखक. मी लेखकवार बेरीज मागितली. पु. ल. देशपांडे यादीत कुठेतरी मधे! माझा विश्वास बसेना. खाली खाली वाचत गेले तर एकाच माणसाची पाच माणसे झालेली. 'देशपांडे, पु. ल.' वेगळे, 'पु.ल.देशपांडे' वेगळे, 'पु. ल. देशपांडे' वेगळे, 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' वेगळे आणि कुणीतरी 'देशपाण्डे' असे परसवर्णाने लिहिले होते ते आणखी वेगळे. यंत्राला पुलं ठाऊक नाहीत. त्याला अक्षरे ठाऊक आहेत. दोन टिंबांमधली एक मोकळी जागासुद्धा त्याच्या लेखी निराळा माणूस असते. अत्र्यांचेही तेच झाले होते, कारण निम्म्या पुस्तकांवर 'आचार्य अत्रे' आणि निम्म्यांवर 'प्र. के. अत्रे'. यावर उपाय आहे. लेखकाचे एक प्रमाण नाव ठरवून बाकीची त्याला जोडायची सोय प्रणालीत असते. आम्ही ते काम दोन सुट्ट्यांत पुरे केले. मराठी वाचनालयांच्या याद्यांत हा घोळ सर्वत्र असणार, कारण नोंदी करणारी मुले बदलतात आणि प्रत्येकाचे शुद्धलेखन निराळे.

आणि एक प्रश्न असा, की तो विचारता येतो पण मी विचारला नाही. एक गृहस्थ आले, ओळखीचे, सभ्य. त्यांची मुलगी आमची सभासद. "ती हल्ली काय वाचते त्याची एक यादी काढून द्या ना मॅडम. बापाला कळायला नको का?" अर्ध्या सेकंदाचे काम. सभासद क्रमांक घालायचा, देवघेवीची वही जोडायची, झाले. मुलगी एकोणीस वर्षांची होती. मी म्हटले, "तिलाच विचारा, सांगेल ती." ते नाराज होऊन गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी प्रणालीतली एक सोय वापरायला घेतली. ठरावीक काळापूर्वी परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदींतून वाचकाचे नाव काढून टाकता येते. पुस्तक किती वेळा गेले तो आकडा राहतो, कुणी नेले ते पुसले जाते. जुन्या दिवसांत पुस्तकाच्या मागच्या तारीखपत्रकावर फक्त शिक्के असायचे, नावे नसायची. तेव्हा यात काही ठरवावे लागत नव्हते.

आता त्या अठराशे पुस्तकांकडे येते.

मंडळाने रीतसर ठराव केला. पहिल्या हप्त्यात मागच्या खोलीतली चारशे पुस्तके बाद करायचे ठरले. प्रणालीतून ती मी एकगठ्ठा काढली आणि दोन मुलांना रोजंदारीवर लावून सात पोती भरून घेतली. आमचे शिपाई मामा दर वर्षीप्रमाणे आषाढीच्या वारीला गेले होते. ते असते तर पोती भरलीच गेली नसती. संध्याकाळी रद्दीवाला आला, एक पोते मोटारसायकलवर लादून घेऊन गेला, आणि बाकीची उद्या टेंपो आणून नेतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामा पंढरपूरहून परतले. प्रसादाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि दारातल्या पोत्यांकडे पाहत उभे राहिले. एका पोत्याचे तोंड सैल होते. त्यांनी आत हात घालून एक पुस्तक काढले, जिल्ह्याच्या गॅझेटिअरची जुनी प्रत.

"बाई, हे कशाला बांधलंय?"

"पाच वर्षांत कुणी नेलं नाही मामा. यादीत आहे."

"नेत नाहीत, बरोबर आहे. इथंच बसून वाचतात. रोज संध्याकाळी मीच टेबलावरून उचलून कपाटात ठेवतो की."

मग त्यांनी एकेक पोते उघडले. हे पुस्तक ते निवृत्त मास्तर गुरुवारी मागतात. हे अभ्यासिकेतली मुले आळीपाळीने घेतात. हे कायद्याचे आहे, कोर्टातला कारकून जेवणाच्या सुट्टीत येऊन पाहतो. मी फक्त 'घरी नेले का' एवढेच विचारले होते आणि यंत्राने तेवढेच सांगितले होते. टेबलावरच्या वाचनाची नोंद आम्ही कधी केलीच नव्हती. यातली बरीच पुस्तके वास्तविक संदर्भग्रंथ होती, पण सुरुवातीला नोंदी भरताना ती खूण राहून गेली होती.

त्यात आणखी एक प्रकार सापडला आणि त्याने मात्र मी ओशाळले. 'ययाति'ची एक प्रत पोत्यात होती. बांधणी नवी, पण पाने हाताळून मऊ झालेली. पुस्तक फाटले की आम्ही बांधणीला पाठवायचो, आणि परत आल्यावर जुनी नोंद काढून नवा दाखल क्रमांक द्यायची आमच्याकडे एक वाईट सवय पडली होती. नव्या क्रमांकाला मागचा इतिहास नसतो. म्हणजे ज्या प्रती वाचून वाचून फाटल्या, त्याच यादीत 'कधीही न वाचलेल्या' ठरल्या. दाखल झाल्याची तारीख पाच वर्षांपूर्वीची असावी अशी एक अट घातली असती, तर त्या बाहेर राहिल्या असत्या. एका ओळीची अट. शिवाय 'श्यामची आई'च्या पाच प्रती असतील तर हाताशी लागेल ती जाते आणि पाचवी मागे राहते. ती पाचवी प्रत न वाचलेली, पण पुस्तक तसे नव्हे.

मी तशीच रद्दीवाल्याकडे गेले. त्याने पोते सकाळीच मोठ्या व्यापाऱ्याकडे पोहोचवले होते, आणि तिथून मिलच्या ट्रकमध्ये. त्याची काही चूक नव्हती. तोही हळहळला, वजनाचे पैसे परत देऊ लागला.

सहा पोती परत कपाटांत गेली. अभ्यासिकेसाठी जागा शेवटी वरच्या मजल्यावर निघाली. मामांना मी बारकोड वाचायचे यंत्र दिले. घरी न दिलेली प्रत 'परत आली' म्हणून वाचली, तर ती वाचनालयातच वापरली गेली अशी नोंद करण्याची सोय कोहात आहे. ती सुरू केली. रोज संध्याकाळी टेबलावरची पुस्तके उचलताना मामा एकेकावर ते यंत्र धरायचे. त्याचा आवाज येतो म्हणून त्यांनी त्याला 'पिपाणी' नाव ठेवले होते. दोन वर्षे त्यांनी ती पिपाणी वाजवल्यावर मी तोच प्रश्न सगळ्या अटींसह पुन्हा विचारला. अठराशेची यादी सहाशेवर आली. त्या सहाशेतले प्रत्येक पुस्तक आम्ही दोघांनी हातात घेऊन पाहिले आणि मगच पुढचे ठरवले.

एक गोष्ट मात्र यंत्राने तेव्हाही बिनचूक सांगितली. प्रणालीतून काढलेल्या प्रती पुरत्या पुसल्या जात नाहीत, काढलेल्यांच्या वेगळ्या तक्त्यात जाऊन बसतात. त्या चारशेंतून परत आलेल्या सहा पोत्यांतली वजा करा, असे मी विचारले. उत्तर आले, त्रेसष्ट. नाव, लेखक, वर्ष, किंमत, सगळे. त्यातली निम्मी जायच्याच लायकीची होती, जुनी गाइडे, रद्द झालेल्या कायद्यांची पुस्तके. उरलेल्यांत बांधलेले जुने दिवाळी अंक होते, आमच्या गावच्या नगरपालिकेची एक स्मरणिका होती आणि काही कवितासंग्रह, ज्यांची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. आतापर्यंत अकरा पुस्तके मिळाली आहेत. काही पुण्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, दोन एका सभासदाच्या माळ्यावर. स्मरणिका अजून मिळालेली नाही. ती यादी चौघडी करून माझ्या पर्समध्ये असते.